तीस लाइट, सहा आठवडे: किरणोपचाराचा निकाल कॅलेंडरवर कसा सांभाळायचा

लाइट, म्हणजे किरणोपचाराच्या रोजच्या बैठका, सुरू व्हायच्या आधी नातेवाईक विचारतात, "बरं व्हायची शक्यता किती टक्के?" त्याचं उत्तर बहुतांशी आधीच ठरलेलं असतं. गाठ किती मोठी, मानेतल्या गाठींमध्ये पसरलीय का, ऑपरेशनच्या कडा स्वच्छ निघाल्या का, या गोष्टींवर ते अवलंबून असतं आणि आता त्या बदलता येत नाहीत. मात्र निकालाचा एक भाग अजून घरच्यांच्या हातात असतो, आणि तो कोणी विचारत नाही: ठरलेले सगळे लाइट ठरलेल्या दिवसांत पूर्ण होणार का?

इथे मुख्यतः तोंड, जीभ, घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाबद्दल लिहिलं आहे. ठाणे, नवी मुंबई आणि आजूबाजूच्या गावांत तंबाखू-गुटखा-मशेरीमुळे हे रुग्ण फार, आणि दिवस चुकल्याचा सर्वांत मोठा फटकाही यांनाच बसतो. गर्भाशयमुख, स्तन आणि हाडांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे लाइट यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे थोडक्यात येईल.

एका दिवसाची किंमत

किरणांनी गाठीतल्या पेशी रोज थोड्या थोड्या मरतात. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढू लागतात. अशा वेळी उपचार लांबला, तर रोजच्या डोसातला काही भाग फक्त त्या नव्या वाढीशी बरोबरी करण्यात जातो. डोके-मानेच्या कर्करोगात एकूण उपचार एक दिवस लांबला, तर गाठ त्या जागी कायमची आटोक्यात राहण्याची शक्यता सरासरी १.४ टक्क्यांनी घटते. वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ०.४ ते २.५ पर्यंत दिसतो. पूर्ण आठवडा गेला, तर नुकसान दहा-बारा टक्क्यांच्या घरात जातं. "दोन दिवस गेले, शेवटी दोन जास्त घेऊ" या हिशेबाने ते भरून निघत नाही, कारण तोटा डोसाचा नसतो, वेळेचा असतो.

याची उलट बाजूही तपासून झाली आहे. डेन्मार्कमधल्या एका मोठ्या चाचणीत तेवढाच डोस आठवड्याला पाचऐवजी सहा वेळा देऊन उपचार आठवडाभर आधी संपवला गेला. पाच वर्षांनी रोग जागच्या जागी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं. डोस तोच, मशीनही तसंच. बदललं ते फक्त कॅलेंडर.

कॅलेंडर काढा, कागदावर

ऑपरेशननंतरच्या लाइटचा नेहमीचा डोस ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) असतो: रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, एकूण ३० दिवस. ऑपरेशन न करता थेट लाइटने उपचार असेल, तर ६६ ते ७० ग्रे, म्हणजे ३३ ते ३५ दिवस. पेशंटची फाइल हातात आली की पहिला लाइट आणि शेवटचा लाइट या दोन तारखा कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. मधल्या सगळ्या सुट्ट्यांवर खूण करा आणि विभागातल्या टेक्निशियनला विचारा, "या दिवशी मशीन चालू आहे का? नसेल तर भरपाई कधी?"

सुरुवातीचा वारही बघा. ३० लाइट सोमवारी सुरू झाले तर मध्ये पाच शनिवार-रविवार येतात आणि उपचार ४०व्या दिवशी संपतो. गुरुवारी सुरू झाले तर सहा येतात आणि ४२वा दिवस उजाडतो. पर्याय असेल तर सोमवार मागा. पण सोमवारसाठी उपचार आठवडाभर पुढे ढकलू नका, तो सौदा तोट्याचा आहे.

ऑपरेशन झालं असेल तर मोजणी त्याच दिवसापासून सुरू होते. लाइट सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत, आणि ऑपरेशनपासून शेवटच्या लाइटपर्यंतचा सगळा प्रवास साधारण अकरा आठवड्यांत बसायला हवा. बहुतेकांचे दिवस इथेच गळतात. बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट यायची वाट बघायची, मग दातांच्या डॉक्टरांकडे जायचं, मग सरकारी योजनेचे कागद, मग सीटीची तारीख, असं एकामागून एक केलं तर सहा आठवडे कधी संपले ते कळत नाही. ही कामं एकाच वेळी सुरू करा. टाके निघायच्या आधीच किरणोपचार विभागाची पहिली भेट घ्या. रिपोर्ट आला नसला तरी चालतं.

दात आधी, लाइट नंतर

किरण लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो. नंतर त्या जागचा दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड उघडं पडून सडू शकतं. म्हणून सगळ्या दातांचा एकत्रित एक्सरे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढून घ्या. हलणारे, मुळाशी पू झालेले आणि भरता न येण्याजोगे किडलेले दात लाइटच्या आधी काढले पाहिजेत. त्यानंतर किमान दहा ते चौदा दिवस आणि जमलं तर तीन आठवडे जखम भरायला द्यावे लागतात. ऑपरेशन होणारच असेल तर तेव्हाच, त्याच भुलीत, हे दात काढायला सांगणं सर्वांत शहाणपणाचं. यात तीन आठवडे सरळ वाचतात, तरी ही गोष्ट विचारायला जवळजवळ सगळेच विसरतात.

त्याच आठवड्यात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, आणि सोबत सिसप्लॅटिन हे केमोचं औषध देणार असतील तर ऐकण्याची तपासणीही. तोंड किती उघडतं ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोजा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड आखडायला लागलंय. गुटखा खाणाऱ्यांत ते बऱ्याचदा आधीपासूनच आखडलेलं असतं. वजनही त्याच पानावर लिहा. पुढचे सगळे निर्णय या दोन आकड्यांशी ताडून होतात.

तंबाखू त्या दिवसापासून बंद. लाइट चालू असताना बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना उपचाराचा गुण कमी येतो, हे नीट अभ्यासलेलं आहे. घरातल्या आजी-मावशी "मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते" असं म्हणतात आणि डॉक्टरही पुढे विचारत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. स्पष्ट विचारा, आणि डबी घराबाहेर काढा.

योजनेचे कागद

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराची पॅकेजेस आहेत आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मंजुरी मात्र उपचार सुरू व्हायच्या आधी लागते. नोंदणीकृत रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन पहिल्याच भेटीत जा. बहुतेक वेळा अडतं ते नावावर: रेशनकार्डवर एक, आधारवर दुसरं, लग्नाआधीचं आडनाव, वडिलांच्या नावातली एक वेलांटी. ही दुरुस्ती व्हायला लागणारे दिवस तुमच्या सहा आठवड्यांतूनच जातात.

कुठे घ्यायचे

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारे लोक "टाटालाच जायचं" म्हणून परळला धाव घेतात. खारघरला सेक्टर २२ मधलं अॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचंच केंद्र आहे, हे अनेकांच्या लक्षात नसतं. शिवाय ठाणे आणि नवी मुंबईतल्या खासगी रुग्णालयांतही लिनॅक, म्हणजे विजेवर किरण तयार करणारी, मशीनं आहेत. निवड करताना भिंतीवरची मशीनची जाहिरात बघू नका, हे विचारा: पहिला लाइट कोणत्या तारखेला मिळेल? मशीन बंद पडलं तर तसंच दुसरं मशीन इथे आहे का? दिवस बुडाला तर शनिवारी भरून देता का? लाइटच्या काळात आठवड्यातून एकदा डॉक्टर स्वतः तपासतात का, वजन होतं का?

मशीनच्या प्रकाराबद्दल. तोंड-घशासाठी आयएमआरटी, म्हणजे किरण गाठीच्या आकाराप्रमाणे वळवून आजूबाजूचा भाग वाचवणारी पद्धत, मिळत असेल तर ते घ्यावं. ब्रिटनमधल्या पार्सपोर्ट चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड असलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर आयएमआरटीत ३८ टक्के होतं. जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. फायदा लाळेचा, आणि तो रोज जेवताना जाणवणारा आहे. किरणोत्सारी कोबाल्टच्या स्रोतावर चालणारं मशीन म्हणजे निकामी, असंही समजू नका. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्ट मशीन देशात अनेक ठिकाणी वापरात आहे. कोबाल्टची शक्ती दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते. त्यामुळे स्रोत जुना झाला की तेवढाच डोस द्यायला जास्त मिनिटं लागतात, डोस मात्र कमी होत नाही. आता प्रोटॉन, म्हणजे नेहमीच्या किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेला उपचार. अॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतो, आणि लहान मुलं, कवटीच्या तळाच्या गाठी, आधी लाइट झालेल्या जागी पुन्हा लाइट, अशा ठिकाणी त्याचं मोल मोठं आहे. गालाच्या नेहमीच्या कर्करोगासाठी प्रोटॉनच्या रांगेत महिना घालवण्यापेक्षा घराजवळ आयएमआरटी वेळेत सुरू झालेला बरा, हे आमचं स्पष्ट मत.

साच्याचा दिवस

चेहऱ्यावर आणि खांद्यांवर गरम पाण्यात मऊ केलेलं जाळीदार प्लास्टिक ओढून बसवतात. काही मिनिटांत ते कडक होतं. हाच साचा रोज घालून तीच जागा मिलिमीटरच्या हिशेबात पकडली जाते. म्हणून दाढी करून जा, केस आधीच कापून घ्या, आणि पुढचे सहा आठवडे दोन्ही तसेच ठेवा. दाढी वाढली तर साचा बसत नाही. कवळी काढायची की ठेवायची ते विचारा आणि रोज तेच करा. गळ्यातली माळ, मंगळसूत्र, कानातलं घरी ठेवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर साचा बनवायच्या आधी सांगा, नंतर नव्हे. डोळ्यांपाशी जाळी कापून देता येते, आणि शांत करणारी गोळीही मिळते.

त्यानंतर सीटी होतो आणि प्लॅन तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. त्या काळात फोन आला नाही म्हणून काही बिघडलं असं नसतं, पण आठ दिवस उलटले तर चौकशी करा. अंगावर खुणा केल्या असतील तर त्या पुसू नका आणि पुसट झाल्यावर घरी पेनाने गडद करू नका. टेक्निशियनला दाखवा.

रोजचा प्रवास

लाइट स्वतः दहा-पंधरा मिनिटांचा असतो. वेळ जातो तो वाटेत. ठाण्याहून खारघरला जायचं तर ट्रान्स-हार्बरची थेट पनवेल लोकल पकडा. वाशी लोकल मिळाली तर तुर्भ्याला उतरून पनवेल गाडी धरता येते. खारघर स्टेशनवरून रिक्षा, किंवा बेलापूरहून पेंधरकडे जाणारी मेट्रो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठीच्या डब्यात कर्करुग्णांना बसता येतं, आणि लांबच्या गाड्यांत रुग्णाला व सोबतच्या एकाला सवलतीचं तिकीट मिळतं. दोन्हींसाठी रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा.

मेगाब्लॉक रविवारी असतो आणि लाइट सोमवार ते शुक्रवार, एवढी एक गोष्ट तरी आपल्या बाजूची. पावसाळा मात्र नाही. मध्य रेल्वे तुंबली, घोडबंदरला गायमुखच्या घाटात ट्रेलर अडकला, ठाणे-बेलापूर रोडवर पाणी भरलं, की पेशंट घरीच राहतो. जून ते सप्टेंबरमध्ये लाइट असतील तर तीन गोष्टी आधी करा. स्लॉट सकाळचा मागू नका, दुपारचा घ्या, म्हणजे उशीर झाला तरी संध्याकाळपर्यंत मशीन सापडतं. विभागाचा फोन नंबर जवळ ठेवा, आणि अडकलात तर "येतोय, उशीर होतोय" एवढं कळवा. बहुतेक ठिकाणी थांबतात. तिसरं, रेड अलर्टच्या आदल्या रात्री रुग्णालयाजवळ राहायची एक जागा, नातेवाईक असो की धर्मशाळा, हेरून ठेवा.

तरीही दिवस बुडालाच तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, भरपाई कशी करायची. दोन रस्ते आहेत. एक, शनिवारी जादा लाइट. दोन, एखाद्या दिवशी दोन लाइट, पण दोघांमध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं. निरोगी पेशींना सावरायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर भरपाईला दिवसच उरत नाहीत. मशीन बिघडलं म्हणून रुग्णालयाकडून दिवस गेला, तरी हाच प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे. गणपतीत पाच दिवस गावी जायचं असेल तर उत्तर "नाही" एवढंच आहे.

सोबत आठवड्याचं सिसप्लॅटिन असेल तर एक गैरसमज फार महागात पडतो. "आज रक्तात पेशी कमी आल्या, केमो नाही," असं ऐकून लोक लाइटही न घेता घरी जातात. केमो आणि लाइट वेगळे आहेत. केमो पुढे गेलं तरी लाइट बहुतेक वेळा चालूच ठेवतात. डॉक्टर लाइट बंद म्हणाले नसतील तर मशीनच्या खोलीबाहेर जाऊन बसा.

कोणत्या आठवड्यात काय

पहिल्या दिवशीच कानाखाली सूज आणि दुखणं येऊ शकतं. ती लाळग्रंथींची प्रतिक्रिया असते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. दुसऱ्या आठवड्यात चव जाते, लाळ घट्ट होते. तिसऱ्यात तोंड येतं. चौथा ते सहावा आठवडा सर्वांत कठीण, आणि शेवटचा लाइट झाल्यावरही पंधरा दिवस त्रास वाढत राहू शकतो. हे आधी माहीत नसलं की पेशंट चौथ्या आठवड्यात "लाइटने मला जाळलं" म्हणून थांबतो. नेमक्या त्याच आठवड्यात थांबणं सर्वांत वाईट, कारण उरलेल्या पेशींची वाढ तेव्हाच जोर धरते.

गुळण्या पहिल्या दिवसापासून, तोंड यायची वाट न बघता. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि पाऊण चमचा मीठ. दिवसातून सहा-आठ वेळा, जेवणानंतर आणि झोपताना नक्की. पाणी रोज ताजं करा. बाजारातलं झोंबणारं, अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. ब्रश अगदी मऊ. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर दिसले आणि पुसल्यावर लाल जागा उरली तर ते बुरशीचं असू शकतं. औषधाने चार-पाच दिवसांत फरक पडतो, म्हणून ते डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

दुखण्याची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या, दुखल्यावर नव्हे. साध्या गोळ्या पुरत नसतील तर मॉर्फिन देतात. "सवय लागेल" म्हणून नातेवाईक ती लपवून ठेवतात आणि पेशंट जेवत नाही. लाइटमुळे आलेल्या तोंडासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे दिलेलं मॉर्फिन जखमा भरल्यावर उतरवता येतं. मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र पहिल्या गोळीपासूनच हवं. त्यासाठी इसबगोल नको, कारण पुरेसं पाणी पोटात गेलं नाही तर ते आतच घट्ट बसतं.

वजन: दुसरं कॅलेंडर

वजन उतरलं की साचा सैल होतो, मानेचा आकार बदलतो, आणि आखलेला डोस नेमक्या जागी पडेलच असं राहत नाही. मग नवा साचा, नवा सीटी, नवा प्लॅन, आणि त्यात पुन्हा दिवस. म्हणून दर सोमवारी एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा. पाच टक्के उतरलं, म्हणजे ५५ किलोच्या माणसाचं पावणेतीन किलो, की त्याच दिवशी आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांना सांगा. दहा टक्क्यांची वाट बघू नका.

गरज किलोमागे दिवसाला किमान ३० कॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिनं. ५५ किलोच्या माणसाला १६५० कॅलरी आणि ६६ ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांचा हिशेब असा जुळतो: एक लिटर गाईचं दूध ३२ ग्रॅम, तीन अंडी १८, अर्धी वाटी, म्हणजे ५० ग्रॅम, मुगाच्या डाळीचं वरण १२, मूठभर शेंगदाण्याचं बारीक वाटून गाळलेलं दूध ७. झाले ६९. उरलेल्या कॅलरी मऊ भात, नाचणीची पेज आणि तुपातून. एक चमचा तूप म्हणजे ४५ कॅलरी, आणि ते गिळायलाही सोपं. शाकाहारी घरात अंड्यांऐवजी पनीर आणि दुधाची पावडर: दुधातच पावडर घुसळली की पेला तेवढाच राहतो, प्रथिनं वाढतात. घास कोमट किंवा थंड असू द्या. कोकम, चिंच, लिंबू, ठेचा, भाकरीचा पापुद्रा, चिवडा हे सगळं तोंडातल्या जखमा भरेपर्यंत बाजूला. "पेशंटला हलकं" म्हणून नुसतं भाताचं पाणी किंवा नारळपाणी देणारी घरं बरीच आहेत. नारळपाण्याने तहान भागते, वजन टिकत नाही.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या.

नळी घालावी लागली तर ती हार नव्हे. नाकातून जाणारी राइल्स ट्यूब घातल्यावर अनेकांचे उरलेले लाइट सुरळीत पार पडतात. प्रत्येक वेळी सुमारे २०० मिलिलिटर, गाळलेलं, कोमट, दर दोन-तीन तासांनी, बसवून द्या. त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. आधी आणि नंतर ३० ते ५० मिलिलिटर साधं पाणी ढकला. नळी तुंबते ती बहुतेक वेळा न गाळलेल्या नाचणीने किंवा कुटलेल्या गोळीने. नाकापाशी नळीवर पेनाने खूण करा. खूण सरकलेली दिसली तर काहीही देऊ नका, आधी रुग्णालयात तपासून घ्या. आणि नळी असली तरी दिवसातून काही वेळा घोटभर पाणी तोंडाने गिळायचंच, जोपर्यंत ठसका लागत नाही. न वापरलेले गिळण्याचे स्नायू आखडतात आणि मग नळी काढता येत नाही.

तोंड उघडण्याचा व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या दाढांमध्ये एकावर एक रचा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतक्या. अर्धा मिनिट धरा, पाच वेळा करा, दिवसातून पाचदा. आठवड्याला एक काडी वाढली तरी पुष्कळ. लाइट संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवा. आखडणं नंतरच वाढतं.

त्वचेसाठी साधं पाणी, सौम्य साबण, सुती सैल कॉलर. लाइटच्या आधी तेल-मलमाचा जाड थर नको. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला आणि केमो चालू असेल, किंवा दिवसभर लघवीच झाली नाही, तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा. हे दोन प्रकार वेळेत दाखवले तर मधले बरेच खंड टळतात.

इतर कर्करोगांत

गर्भाशयमुखात बाहेरचे लाइट आणि आतून दिले जाणारे, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात, असं सगळं मिळून आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपलं पाहिजे. बाहेरचे संपले, आता "थोडा आराम" म्हणून ब्रॅकीची तारीख पुढे नेणं ही इथली नेहमीची चूक. रोज मशीनवर जाताना लघवीची पिशवी (मूत्राशय) सारखीच भरलेली हवी: आधी लघवी करा, मग अर्धा लिटर पाणी प्या, मग अर्धा-पाऊण तास थांबा, किंवा तुमच्या विभागाने जे सांगितलं असेल ते, पण रोज तेच. हिमोग्लोबिन १०च्या खाली गेलं तर विचारा.

स्तनाच्या कर्करोगात १५ लाइट तीन आठवड्यांत, आणि काहींना ५ लाइट एका आठवड्यात. कमी दिवस म्हणजे कमी उपचार नव्हे, रोजचा डोस मोठा असतो. इथे एखादा दिवस गेला तर तोंड-घशाइतकं नुकसान नाही.

हाडात पसरलेल्या रोगाच्या दुखण्यासाठी बऱ्याचदा एकच लाइट, ८ ग्रेचा, पुरतो. साधारण तिघांपैकी दोघांना आराम पडतो, पण पूर्ण गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि पहिले दोन-चार दिवस दुखणं वाढूही शकतं. तेव्हा गोळ्या लगेच बंद करू नका.

निकाल कधी बघायचा

लाइट संपल्यावर पंधरा दिवसांत "स्कॅन करून बघू, गेलं का" असा घरच्यांचा आग्रह असतो. करू नका. तेव्हा पेट-सीटीत, म्हणजे शरीरातल्या जास्त क्रियाशील पेशी दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, सूज आणि जखमाही चमकतात, त्या रोगासारख्या दिसतात, आणि घरात उगाच रडारड होते. शिवाय मेलेल्या पेशी निघून जायला वेळ लागतो. तोंड-घशासाठी पेट-सीटी साधारण बारा आठवड्यांनी. त्याआधी डॉक्टर हाताने आणि दुर्बिणीने तपासतात, ते पुरेसं असतं. ऑपरेशननंतरच्या लाइटमध्ये बघायला गाठच उरलेली नसते, त्यामुळे तिथे "पूर्ण प्रतिसाद" हा शब्द लागूच होत नाही. तिथला निकाल म्हणजे रोग परत न येणं, आणि तो महिन्यांनी, वर्षांनीच कळतो.

रिपोर्टमधले शब्द असे वाचा. पूर्ण प्रतिसाद म्हणजे रोग दिसत नाही. अंशतः प्रतिसाद म्हणजे गाठींच्या मापांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली. वाढ म्हणजे ती किमान २० टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ आली. मधलं सगळं स्थिर. अंशतः प्रतिसादाचा अर्थ "काम अर्धं झालं" असा नाही. काही वेळा सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघतात, काही वेळा मानेचं ऑपरेशन सुचवतात. हा प्रश्न टाळू नका.

पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी, कारण परत येणारा रोग बहुतेक याच काळात येतो. मग पाच वर्षांपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी. मानेला लाइट लागले असतील तर टीएसएच दर सहा ते बारा महिन्यांनी. थकवा, वजन वाढणं, थंडी वाजणं याला लोक "लाइटचा अशक्तपणा" म्हणतात आणि खरं कारण थायरॉइड मंदावल्याचं निघतं. रोजच्या एका गोळीने ते सुधारतं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेतली नवी गाठ, कानात वाढत जाणारी कळ, पुन्हा कमी उघडू लागलेलं तोंड: यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता जा.

दात दुखला तर गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन उपटून येऊ नका, कितीही वर्षं झाली असली तरी. आधी "या जबड्याला लाइट लागलेत" हे सांगा आणि किरणोपचार विभागाचा सल्ला घ्या. त्यासाठी शेवटच्या दिवशी डिस्चार्जसोबत उपचाराचा सारांश मागून घ्या: कोणत्या भागाला किती ग्रे, किती लाइट, पहिली आणि शेवटची तारीख, कोणत्या तंत्राने. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक फाइलमध्ये आणि एक गावच्या घरी, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून मुलाला-सुनेलाही पाठवून ठेवा.